पुढचा दात

नवं वर्ष दोन दिवसांवर
आणि मोरित्स काबिल्योंचा पुढचा दात तुटला
पावाच्या कडेवर.
शिळा होता, म्हणाले, पण टाकवत नाही.
सारायेव्होत आमच्यापैकी कुणालाच टाकवत नाही.

खुर्चीत आडवे, छातीवर निळा कागद,
कागदावर दोन्ही हातांनी धरलेलं एडक्याचं शिंग,
जणू तेही तपासायला आणलंय.
"दोक्तोरित्सा, दिसण्याचं सोडा,
एक्क्याऐंशीत कोण बघतंय.
हवा निसटते. हे बघा."
आणि फुंकलं त्यांनी, माझ्या दवाखान्यात.
फुस्स.
देसांका ट्रे धरून हसली, मग मी, मग ते.
हसू मात्र त्या फटीतून नीट बाहेर आलं.

शंभर सूर लागतात म्हणे त्या सकाळी.
एक लांब, न मोडणारा.
मग तीन, हुंदक्यांसारखे.
मग नऊ, बारीक, ठेचकाळणारे.
आणि पुन्हा लांब.
"मोडक्यावर थांबायचं नाही," बोट वर करून म्हणाले,
"असा नियमच आहे."

वाजवणारा दुसरा कुणी नाही?
होता. त्याचा मुलगा टोरांटोत,
तो स्वतः टेकडीवर.

टेकडी म्हणजे त्रेबेविचच्या उतारावरचं त्यांचं कबरस्तान.
मला ती वेगळी ठाऊक आहे.
मी अकरा वर्षांची, पाण्याचा कॅन ओढत पळायची,
आणि गोळी तिकडून यायची,
त्यांच्याच वाडवडिलांच्या दगडांआडून.
हे मी बोलले नाही.
त्यांच्या आईच्या दगडाला एक खड्डा पडलाय.
तो त्यांनी बुजवलेला नाही.

आपलेच दात, आपलेच ओठ,
चावलं तर मारायचं कुणाला?
त्या वर्षांत मोठ्यांनी दातांच्या कण्या केल्या,
कुणी ऐकलं नाही.
त्या कण्या मला अजून सापडतात,
एक्स-रेत.

तात्पुरती टोपी बसवली.
सिमेंट मुरायला एक रात्र.
मध चालेल. डाळिंबाचे दाणे जपून.
सफरचंद मात्र बारीक कापून.
"आणि लीकची पात?"
मऊ शिजवली तर चालेल, म्हटलं.

तर म्हणाले,
ती खाताना एक वाक्य म्हणायचं असतं:
आमचे शत्रू कापले जावोत.
हिब्रूत पात आणि कापणं जवळजवळ सारखंच वाजतं,
एवढंच त्याचं कारण.
वेढ्यातल्या पहिल्या वर्षी
ताटात मदतीतला भात होता फक्त.
पात नव्हती, म्हणून बहिणीने, लुनाने, ते वाक्य गाळलं.
पुढे रस्ते उघडले, बाजार भरला,
पात परत आली.
वाक्य आलं नाही.
"विचारलं तर म्हणते, विसरले बाई."
ते थांबले, जीभ नव्या दातावरून फिरवली.
"लुना काही म्हणजे काही विसरत नाही."

पैसे मी घेतले. न घेते तर रागावले असते.
दाराशी म्हणाले, "अन्यादा बुएना,"
पाचशे वर्षांपूर्वी स्पेनमधून हाकललेल्यांनी
जिभेखाली लपवून आणलेले दोन शब्द.
चांगलं जावो वर्ष.
तुमचंही, म्हटलं. आणि सहा आठवड्यांनी या,
कायमची टोपी बसवू.
ते येणार नाहीत, मला माहीत आहे.
तात्पुरतं म्हणून बसवलेलं
या शहरात बरंच काही टिकून आहे.

त्या सकाळी माझ्या खुर्चीत एक ट्रामचालक होता,
आ वासलेला, गालात कापूस.
देसांकाने न सांगता खिडकी उघडली.
मी ड्रिल बंद केलं.

मिल्यात्स्काच्या पलीकडून आला,
आधी जरा घोगरा, मग सरळ.
लांब.
मग तीन.
मग नऊ. मी मोजत होते, देसांकाचे ओठही हलत होते,
नवव्यापाशी कुठेतरी हवा निसटल्यासारखी वाटली,
माझ्याच हिरड्यांत कळ गेली.

शांत.

कापसातून ट्रामचालकाने विचारलं,
"झालं?"

थांबा, म्हटलं,
अजून एक लांब यायचाय.